एका गेटला माणसे किती?

चोवीस तास माणूस हवा अशा एका गेटला किती गार्ड लागतात? सोसायटीच्या नव्या कमिटीसमोर कोटेशन घेऊन बसलो की मी आधी हा प्रश्न टाकतो. उत्तर ठरलेले असते. ‘दोन. एक डे, एक नाइट.’ रविवारी? ‘रविवारीही तेच.’ मग त्यांची सुट्टी? इथे खजिनदार जरा अडखळतात आणि म्हणतात, ‘वर्षातून एकदा गावाला जातातच की महिना-महिना.’

हिशेब अवघड नाही. आठ तासांची ड्युटी धरली तर दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. आठवड्यातून एक सुट्टी घेणारा माणूस सहा पाळ्या करतो. एकवीस भागिले सहा, साडेतीन माणसे झाली. त्यात पगारी रजा, सणावाराची सुट्टी, आजारपण, घरचे लग्नकार्य धरा, म्हणजे एका गेटला पावणेचार ते चार माणसे लागतात. गिऱ्हाईक विकत घेते दोन. उरलेली पावणेदोन माणसे त्या दोघांच्याच अंगातून काढली जातात. गार्ड झोपतो, गार्ड टिकत नाही, गार्ड उर्मट बोलतो, गार्ड न सांगता निघून जातो, या आमच्या धंद्यातल्या बाराही महिन्यांच्या तक्रारी. बहुतेकींच्या मुळाशी ही पावणेदोन माणसे सापडतात.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गिरणीला कोणी चांगली जागा म्हणणार नाही, तो आवाज आणि ती कापसाची धूळ ज्यांनी खाल्ली त्यांनी तर नाहीच. पण गिरणीने एक गोष्ट गृहीत धरली होती, की माणूस कधीतरी गैरहजर राहणारच. म्हणून बदली कामगार असत. पाळी सुरू व्हायच्या आधी ते गेटवर उभे असत आणि कायम माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर लागत. १९८२च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि वडील पुन्हा साच्यावर गेले नाहीत. गिरणगावातल्या अनेकांसारखे तेही वॉचमन झाले. उपनगरात बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीवर बारा तासांची नाइट. पगार कमी याबद्दल ते फारसे बोलत नसत, पण ‘इथं बदलीच नाही रे’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकले असेल! ताप आला तरी जायचे, कारण आपण गेलो नाही तर दिवसपाळीचा माणूस घरी जाऊ शकत नाही, आणि तोही कोणाचा तरी बाप.

बारावीनंतर मीही त्याच रस्त्याने या धंद्यात आलो. आधी गार्ड, मग सुपरवायझर, मग फील्ड ऑफिसर आणि आता एका मध्यम आकाराच्या एजन्सीत ऑपरेशन्स बघतो. म्हणजे मालकाच्या बाजूच्या खुर्चीवर बसतो. ही ओळख आधीच दिलेली बरी, कारण पुढे मी युनियनबद्दल चांगले बोलणार आहे आणि ते युनियनवाल्याने बोलणे वेगळे.

गार्ड असताना ‘चोवीस मारणे’ म्हणजे काय ते अंगाला कळले. सकाळी आठला आलेला माणूस रात्री आठला सुटायचा असतो. साडेसातला तो रस्त्याकडे बघू लागतो. आठ वाजतात, सव्वाआठ होतात, नाइटवाला येत नाही. फील्ड ऑफिसरला फोन जातो, तो म्हणतो, ‘बघतो, कोणीतरी पाठवतो, तोवर थांब.’ साडेनऊला त्याचाच फोन येतो, ‘आजची रात्र काढ, डबल ड्युटी लावतो.’ मग दुपारच्या डब्यात उरलेली अर्धी चपाती, टपरीवरचा चहा आणि पहाटे तीननंतर डोळ्यांत वाळू. नाइटवाला येत नाही तो नाहीच, आणि सकाळी आठला डे तर आपलीच असते! असे सलग छत्तीस तास काढलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या रात्री तो डुलकी घेताना कोणा रहिवाशाने मोबाइलवर फोटो काढला, तर दंड त्यालाच.

पुढे फील्ड ऑफिसर झाल्यावर तो साडेनऊचा फोन मी करू लागलो. मोटरसायकलवर रात्रभर साइटवरून साइटवर फिरायचे आणि एका जागचा माणूस उचलून दुसऱ्या जागी ठेवायचा, एवढेच ते काम. रिलीव्हर म्हणून वेगळी माणसे ठेवायची तर त्यांचा पगार कोणत्या गिऱ्हाइकाच्या बिलात घालायचा? कोणीच द्यायला तयार नाही, म्हणून रिलीव्हर नाही.

इथे एक गंमत आहे, आणि ती मला धंद्यात बरीच वर्षे घालवल्यावर एका लेबर कन्सल्टंटने पाटीवर मांडून दाखवली. बारा तासांची ड्युटी स्वस्त असते असे सगळे समजतात. कायद्याने ती स्वस्त नाही. जादा तासाला दुप्पट दर. म्हणजे बारा तास काम करणाऱ्याचे आठ तास साधे आणि चार तास दुप्पट, एकूण सोळा तासांचा पगार झाला. असे दोघे मिळून बत्तीस तासांचा पगार. आठ-आठ तासांचे तिघे लावले तर चोवीस तासांचा. मग दोन माणसांत काम भागवणे महाग पडायला हवे. ते स्वस्त पडते, कारण ते जादाचे चार तास दुप्पट दराने कोणी देतच नाही. बऱ्याच ठिकाणी ‘बारा तासांचा पगार’ म्हणून एक गोल आकडा ठरतो आणि त्याचे पोट फाडून कोणी आत बघत नाही. शिवाय आपल्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ओव्हरटाइमला तीन महिन्यांत १२५ तासांची मर्यादा घातली होती. रोज चार तास, महिन्याला सव्वीस दिवस धरले तरी तिमाहीचे ३१२ तास होतात. ते मस्टरवर दिसू नयेत म्हणून मस्टर दोन. तपासणीला आठ तासांचे आणि पगाराला बारा तासांचे.

मी हे वाईट माणसांची गोष्ट म्हणून सांगत नाही. कोटेशन कसे बनते ते जवळून बघितले तर कळेल. कागदावर वरून खाली ओळी असतात. किमान वेतनाचा मूळ दर, त्यावर विशेष भत्ता, मालकाचा प्रॉव्हिडंट फंड १२ टक्के, ईएसआय (२०१९च्या जुलैपासून मालकाचे सव्वातीन टक्के), बोनस ८.३३ टक्के, पगारी रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, गणवेश, रिलीव्हिंग चार्ज, मग आमचा सर्व्हिस चार्ज आणि वर १८ टक्के जीएसटी. चार एजन्स्यांची कोटेशने कमिटीच्या टेबलावर येतात. वरच्या निम्म्या ओळी सरकारने ठरवलेल्या. त्यांत फरक पडायचे कारणच नाही. तरी चार आकडे चार तऱ्हेचे असतात आणि काम सर्वांत कमीवाल्याला मिळते. त्याने काय कापले असेल? आधी रिलीव्हिंग चार्ज, मग रजा, मग ग्रॅच्युइटी. तेवढ्याने भागले नाही तर पीएफ मूळ पगाराच्या एका तुकड्यावरच भरायचा. सर्व्हिस चार्ज नावापुरता एक-दोन टक्के दाखवणारी एजन्सी धर्मादाय नसते. तिचा नफा गार्डच्या न दिलेल्या पैशांत असतो.

त्या टेबलाशी कमिटी असते, एजन्सी असते. ज्याच्या आयुष्याचे बारा तास तिथे ठरतात तो खाली गेटवर सलाम मारत असतो.

माझा चुलतभाऊ ठाण्यातल्या एका कारखान्यावर गार्ड आहे, पण तो बोर्डाचा. आमच्या कुटुंबात ‘तुझं काय बाबा, बोर्डात नाव लागलंय’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते. महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे आली. मंडळावर मालकांचे, रक्षकांचे आणि सरकारचे, तिघांचे प्रतिनिधी. कारखान्याला गार्ड हवा असेल तर तो मंडळात नोंद करतो, ठरलेले वेतन आणि त्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरतो. मंडळ गार्डला पगार देते आणि लेव्हीतून पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, गणवेश यांचे बघते. कल्पना माथाडींची. अण्णासाहेब पाटलांनी हमाल-माथाडींना संघटित करून जो १९६९चा कायदा मिळवला त्याचीच ही धाकटी पाती, आणि त्या कायद्याच्याही आधी १९४८चा गोदी कामगारांचा कायदा होता. मालक अनेक, काम आज इथे उद्या तिथे, अशा माणसाला कायम नोकरीची ऊब कशी द्यायची याचे उत्तर मुंबईच्या गोदीत आणि मशीद बंदरच्या वखारींत शोधले गेले, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसते.

भावाच्या आणि आमच्या गार्डच्या कामात फरक काहीच नाही. गेट तेच, रजिस्टर तेच, डासही तेच. तो आठ तासांनी घरी जातो. दिवाळीला बोनस मागावा लागत नाही. यामागे त्याच्या कारखान्याच्या मालकाचे मन मोठे असण्याचा संबंध नाही. दर सगळ्यांना सारखा असल्याने त्याला घासाघीस करायला जागाच नाही. मला या सगळ्या उठाठेवीतून कळलेली एकच गोष्ट विचारली तर ती ही: माणसाची मजुरी कोटेशनच्या स्पर्धेतून बाहेर काढली, की बऱ्या मालकाला बरे वागणे परवडते.

बोर्डाचे गुणगान पुरे. बोर्डातही उणिवा आहेत. कारखाना बंद पडला की तिथले गार्ड परत येतात आणि नव्या नेमणुकीची वाट बघत बसतात, त्या काळात हातात पैसा नाही. ज्या एजन्सीचे गार्ड बोर्डापेक्षा कमी नसलेल्या सवलती घेतात त्यांना सूट देण्याची तरतूद कायद्यातच आहे आणि त्या सुटीच्या दारातून बाजाराचा मोठा भाग बाहेर राहतो. सवलती खरोखर मिळतात का हे तपासणार कोण? पुढे केंद्राचा २००५चा कायदा आला तो एजन्सीच्या परवान्याचा आणि गार्डच्या प्रशिक्षणाचा. गार्डच्या पगाराचे दुखणे होते तिथेच राहिले.

आता युनियनकडे येतो. आमच्याकडे एका बिझनेस पार्कचे काम होते. काचेच्या इमारती, आत परदेशी कंपन्यांची ऑफिसे, आणि तळघरात गार्ड व सफाईच्या बायका यांची एकच चेंजिंग रूम, मध्ये पडदा लावलेली. तिथे युनियनची पाटी लागली तेव्हा आमच्या मालकांची झोप उडाली. त्यांनी पहिल्या बैठकीत नेहमीचे उत्तर दिले: ‘क्लायंट रेट देत नाही, मी कुठून देऊ?’ युनियनचे लोक क्लायंटकडे गेले. तिथेही नेहमीचे उत्तर: ‘ते आमचे कामगार नाहीत, एजन्सीशी बोला.’ दोन्ही उत्तरे मी इतकी वर्षे ऐकत आलो होतो, आणि खरे सांगायचे तर दोन्ही खोटी नव्हती.

युनियनचा जो कार्यकर्ता होता तो आरडाओरडा करणारा नव्हता. डोळ्यांवर जाड चष्मा, हातात कापडी पिशवी, पिशवीत कायद्याची पुस्तके. त्याने मागणीपत्र दोघांनाही दिले आणि सहायक कामगार आयुक्तांसमोर दोघांनाही एका टेबलाशी बसवले. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक कलम होते. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येई. ते कलम त्याने वाचून दाखवले नाही, फक्त पान उघडे ठेवले. चहाच्या वेळी तो मला म्हणाला, ‘साहेब, तुमच्या मालकाशी माझं भांडण नाही. त्याच्या खिशात नाही ते मी काढू शकत नाही. ज्याच्या खिशात आहे तो खोलीत पाहिजे.’

त्याच चहावर त्याने मला लॉस एंजेलिसची गोष्ट सांगितली. १९९० साली तिथल्या सेंच्युरी सिटीतल्या ऑफिसांत झाडूपोछा करणाऱ्या कामगारांनी, बरेचसे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले, संप केला होता. पोलिसांनी त्यांना रस्त्यात झोडपले आणि ते टीव्हीवर दिसले. त्यांच्या युनियनने डाव असा टाकला होता की ठेकेदाराबरोबरच इमारतीच्या मालकांना आणि बड्या भाडेकरूंना गाठायचे, कारण पैसा तिथे. आणि करारात अट अशी, की परिसरातले बहुसंख्य ठेकेदार सही करतील तेव्हाच वाढीव पगार लागू होईल, म्हणजे आधी सही करणारा बाजारात एकटा मरणार नाही. मी ही गोष्ट आमच्या मालकांना सांगितली तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. ‘मी हेच म्हणतोय केव्हापासून,’ म्हणाले. ‘मी एकट्याने वाढवला तर काम जातं. सगळ्यांनी वाढवला तर मला काय दुखतंय?’ युनियनच्या मागणीत आपली मागणी दिसलेला मालक मी प्रथमच पाहत होतो.

करार व्हायला बरेच महिने गेले. त्यातल्या पगारवाढीपेक्षा इतर कलमेच मला जास्त मोलाची वाटतात. विशेष भत्ता सहा महिन्यांनी बदलतो. तो बदलला की क्लायंटचा दर आपोआप बदलेल, पत्रव्यवहार नाही. क्लायंट बिल ठरलेल्या दिवशी देईल. हे वाचून कोणाला वाटेल की हे एजन्सीच्या सोयीचे आहे, गार्डचा काय संबंध? संबंध असा: पगार ७ तारखेच्या आत द्यायचा, पीएफ आणि ईएसआय १५ तारखेच्या आत भरायचा, जीएसटी वेगळा, आणि क्लायंटचे पैसे येणार दीड-दोन महिन्यांनी. ज्या एजन्सीकडे खेळते भांडवल नाही ती पगार २० तारखेला करते, आणि दुकानदाराची उधारी, घरभाडे, मुलाची फी असे सगळे गार्डचे घर त्या तेरा दिवसांत सावकाराच्या दारात जाते. बिल वेळेवर आले तर पगार वेळेवर.

दुसरे कलम एजन्सी बदलण्याचे. दोन-तीन वर्षांनी टेंडर निघते, एजन्सी बदलते, गार्ड बहुतेक तेच राहतात, फक्त खांद्यावरचा बिल्ला बदलतो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागते. दर तीन वर्षांनी पाटी कोरी झाली तर पंधरा वर्षे एकाच गेटवर उभ्या राहिलेल्या माणसाला ग्रॅच्युइटी शून्य! करारात आले की नवी एजन्सी तीच माणसे घेईल आणि जुन्या एजन्सीने प्रत्येकाचा हिशेब चुकता करून पीएफची चलने दाखवल्याशिवाय तिचे शेवटचे बिल पास होणार नाही. या एका ओळीचा धाक कोर्टाच्या नोटिशीपेक्षा जास्त आहे.

आणि रिलीव्हर. दर सहा गार्डमागे एक रिलीव्हर, त्याचा पगार बिलात वेगळ्या ओळीत. ही ओळ कागदावर आली त्या महिन्यापासून माझा रात्री साडेनऊचा फोन जवळजवळ बंद झाला. बायको म्हणाली, युनियनला पेढे पाठवा.

खुर्चीवरून मात्र अनपेक्षित ताण झाला. क्लायंटच्या ॲडमिनचे म्हणणे, लॉबीतला गार्ड बसलेला दिसला की कंपनीची छाप बिघडते. लॉबीत एक चाळिशीची लेडी गार्ड होती. तिच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या, मोजे खाली केले की निळ्या दोऱ्या दिसत. तिने बैठकीत फक्त एवढेच विचारले, ‘सर, रात्री अकराला लॉबीत कोण बघतं?’ युनियनवाल्याने केरळचा दाखला काढला. कोझिकोडमधल्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या बायकांनी, पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पुढाकाराने, आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसायच्या हक्कासाठी लढा दिला. केरळने २०१८ साली दुकानांच्या कायद्यात तो हक्क घातला आणि २०२१मध्ये तामिळनाडूनेही. आपल्याकडे त्याची सक्ती नव्हती. शेवटी उंच स्टूल आले, ज्यावर टेकले तरी माणूस लांबून उभाच वाटतो. ॲडमिनची छाप शाबूत आणि बाईचे पायही. असल्या तडजोडीला कोणी क्रांती म्हणणार नाही. पण स्टूल आले.

युनियनचे सर्वांत उपयोगी काम मला कोणते वाटले विचाराल तर पीएफचे टेबल. २०१४मध्ये यूएएन नंबर आला. त्याआधी प्रत्येक एजन्सीत पीएफचा नवा नंबर पडे आणि जुने पैसे बेपत्ता होत. आता माणसाला आयुष्यभर एकच नंबर, पासबुक मोबाइलवर. पण आधारवर नाव एक, पीएफमध्ये दुसरे, वडिलांच्या नावाच्या जागी आडनाव, जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती जन्मतारीख आमच्या निम्म्या गार्डना आहे. महिन्यातून एका रविवारी युनियनची दोन पोरे लॅपटॉप घेऊन तळघरात बसत आणि एकेकाची दुरुस्ती करत. आमच्याच ऑफिसची चूक असेल तर यादी माझ्याकडे येई. पहिल्यांदा मला राग आला. मग लक्षात आले, हे काम आमच्या एचआरने करायचे होते, आणि ते फुकट होते आहे. ज्या दिवशी गार्डला मोबाइलवर स्वतःचे पैसे दिसू लागतात, त्या दिवसापासून तो दोनशे रुपये जास्त देणाऱ्या दुसऱ्या एजन्सीकडे उडी मारायच्या आधी जरा विचार करतो.

सगळ्याच युनियन अशा असतात असे मी म्हणणार नाही. गेटवर झेंडा लावून क्लायंटकडून पाकीट घेऊन झेंडा उतरवणारेही पाहिले. वर्गणी घेऊन दोन वर्षे तोंड न दाखवणारे पाहिले. आणि गार्डही आता साताऱ्या-रत्नागिरीचे कमी, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, आसामचे जास्त. सहा महिन्यांनी गावी जाणाऱ्या, खोलीत आठ जण राहणाऱ्या पोराला आठ तासांची ड्युटी नकोच असते. तो म्हणतो, ‘साहब, बारह घंटा दो, बाकी टाइम में क्या करूँ?’ त्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. आठ तासांच्या पगारात घरी पैसे उरत नाहीत. तासाचा दर वाढवल्याशिवाय तास कमी करायला गेलात तर गार्डच तुमच्या विरोधात उभा राहील, हे कित्येक पुढाऱ्यांना कळत नाही.

सोसायट्यांचे काम आणखी अवघड. तिथे मालक एक नाही, अडीचशे आहेत, आणि सगळे नोकरदार. स्वतःच्या ऑफिसात पाच दिवसांचा आठवडा मागणारे. घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीत आम्ही वार्षिक सभेत हिशेब मांडला. दोन गेट, चार माणसे, बारा तास. आठ तास आणि सुट्टी धरून आठ माणसे लागतील. एका माणसाचा सगळा खर्च महिन्याला २५ हजार समजलात तर चार माणसांचा लाख रुपये जादा, घरामागे ४००. सभेत गलका झाला. एक निवृत्त बँक मॅनेजर उठले आणि म्हणाले, गार्डना बोलवा, त्यांचं काय म्हणणं? तोवर हे कोणाला सुचले नव्हते, मलाही नाही. गेटवरचे मामा वर आले, चपला दाराबाहेर काढून. म्हणाले, ‘मागचं गेट रात्री दहानंतर उघडंच कशाला ठेवता? रात्रभरात दोन गाड्या येतात. कुलूप लावा, पुढून फिरून येतील.’

मागच्या गेटची रात्रपाळी गेली आणि एकवीस अधिक चौदा, पस्तीस पाळ्या उरल्या. रजा धरून सात माणसांत काम बसले. घरामागे ४००चे ३०० झाले आणि ठराव मंजूर झाला, अर्थात सर्वानुमते नाही. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ अजून त्या कुलपावरून मला फोन करतात.

त्या सोसायटीत आता नवा वाद चालू आहे तो गेटवरच्या ॲपचा. पाहुणा आला, डिलिव्हरीवाला आला, मोलकरीण आली की गार्डने मोबाइलवर नोंद करायची, फोटो काढायचा, घरी मंजुरी मागायची. संध्याकाळी सात ते दहा त्याची मान वर होत नाही. हे काम जुन्या दरात बसवले आहे. स्क्रीन फुटली तर भरपाई कोणी द्यायची हे करारात नाही, आणि गेल्या महिन्यात एकाच्या पगारातून ती कापली गेली. युनियनचे पत्र आले आहे: ॲपच्या पाळीला वेगळा भत्ता आणि संध्याकाळच्या तीन तासांना जादा माणूस. कमिटी म्हणते ॲपमुळे काम कमी झाले. मी दोघांना सांगितले आहे, आठवडाभर संध्याकाळी नोंदी मोजा, तुमचा एक माणूस आणि त्यांचा एक, मग बसू.